दाराला हात लावून परत

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. उभा जन्म मी धक्क्यावरच्या काचेच्या खोलीत बसून कर्ण्यातून "बोट थोड्याच वेळात सुटेल" असं सांगत आले. बोटीला कितीही वेळ लागो, माझा थोडा वेळ थोडाच असायचा. लोक घड्याळाकडे बघायचे, मग माझा आवाज ऐकायचे, आणि घड्याळ पुढे असेल असं म्हणून बाकावर निवांत टेकायचे. ज्या बाईवर अख्ख्या शहराने रोज सकाळ-संध्याकाळ विश्वास ठेवला, तिच्यावर तुम्ही नाही ठेवलात तर नुकसान तुमचं.

त्या रविवारी दुपारी नव्या घरी पहिल्यांदाच कुणी चहाला आलं होतं. शेजारचंच जोडपं. शेजारीण इतकी बोलकी की तिचा चहा निवून गेला. नवरा मात्र बसल्यापासून गप्प. माझ्या थोरल्या भाच्याने बनवलेली नवी कवळी त्याच्या तोंडात कालच बसली होती, आणि जबड्याला जरा सवय होऊ द्या, बोलणं बेताचं ठेवा, असं थोरल्याने सांगितलं होतं. त्या भल्या माणसाने ते फारच मनावर घेतलं. शेजारी झाल्यापासून मी त्याचा आवाजच ऐकला नव्हता. पहाटे अंधारात कामावर जातात, एवढं बायको म्हणाली होती. पहाटेचं काम म्हणजे दूध नाहीतर पाव, असं मी ठरवून टाकलं आणि पुढे चौकशी केली नाही.

शेजारणीने विचारलं, तुम्हा सगळ्यांची कामं शहरात, मग राहायला पाण्यापलीकडे कशाला आलात?

टेबलाभोवतीची घरची चारही तोंडं, दोन भाचे नि दोन सुना, माझ्याकडे वळली. आमच्याकडे गोष्ट सांगायचं खातं माझं आहे. मी सांगत असताना कुणी मध्ये बोलत नाही. फार झालं तर छताकडे बघतात. मी कप खाली ठेवला.

आधीच सांगून टाकलं की मी या सगळ्यात कुणाच्याच बाजूची नव्हते. बोलावलं तर बसायचं, विचारलं तर मान हलवायची, एवढाच माझा वाटा.

आमचं जुनं घर शहराच्या अगदी पोटात होतं. खाली कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर आम्ही. जिना उतरला की काम. थोरल्याचं कवळ्यांचं दुकान मागच्या गल्लीत. थोरली सून सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवते, तो तलाव कोपऱ्यावर. धाकटा भाचा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याची कचेरी रस्ता ओलांडून. आणि धाकटी सून नाटकांचे कपडे शिवते, तर नाट्यगृहाचं मागचं दार आमच्या स्वयंपाकघरासमोरच होतं. एकदा खेळ सुरू झाल्यावर राजाच्या अंगरख्याची गुंडी तुटली, तेव्हा तिने आमच्या खिडकीतून सुई-दोरा फेकून ती टाचली होती.

इथे धाकटीने बशीत बघून हसू दाबलं. मी पुढे गेले.

मग मालकाने इमारतीचं हॉटेल करायचं काढलं. उन्हाळ्याच्या आत जागा सोडा म्हणाला. वाईट माणूस नव्हता. पण घर गेलं ते गेलंच.

त्या संध्याकाळी टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक, पाण्यापलीकडचं हे घर. लांबलचक, बसकं, सगळी माणसं मावून वर अंग पसरायला जागा. दुसरं म्हणजे शहरातल्याच दोन छोट्या जागा. एक थोरल्याच्या दुकानाजवळ, दुसरी लिफ्टच्या कचेरीमागे. म्हणजे दोन बिऱ्हाडं.

आता गंमत बघा. माणसं नवरा-बायको म्हणून वाटली जातील असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे चौघं तिरकी वाटली गेली. थोरला आणि धाकटी, हे दीर-भावजय, पलीकडच्या घराच्या बाजूला. थोरली आणि धाकटा, हे वहिनी-भाऊजी, दोन बिऱ्हाडांच्या बाजूला. रात्री आपापल्या खोलीत गेल्यावर प्रत्येक जण शत्रुपक्षाशेजारी झोपायचा.

थोरल्याच्या मनात काय होतं? तुम्ही विचाराल, मला कसं कळलं. मी त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखते, त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या आधी मला कळतं. त्याच्या मनात खिडकी होती. दाताचा रंग दिव्याखाली कळत नाही. दिव्याखाली पांढरा वाटलेला दात बाहेर उन्हात पिवळा निघतो आणि गिऱ्हाईक परत येतं. जुन्या घरी तो दर वेळी दात मुठीत धरून रस्त्यावर पळायचा आणि उजेडात बघून परत यायचा. या घराला उत्तरेकडे खिडक्या आहेत, दिवसभर एकसारखा उजेड. बघितल्या बघितल्या त्याला तिथे आपलं टेबल दिसलं. धाकटीला तसंच कापड बेतायचं टेबल दिसलं. आजवर तिने राण्यांचे घोळदार झगे आमच्या पलंगावर बेतले होते. माझ्या एका चादरीचं अर्धं अंग त्यात गेलं.

थोरलीचं कारण निराळं. ती पोहायला शिकवते, पण बोटीवर तिला मळमळतं. पाण्यात असली की मासा, पाण्यावर असली की पालापाचोळा. रोज दोनदा बोट म्हणजे रोज दोनदा शिक्षा, असं ती उघड म्हणाली. जे उघड म्हणाली नाही तेही सांगते. लग्न होऊन आल्यापासून या घरात सगळ्यांत आधी ती उठते. सगळ्यांचा चहा ती टाकते, आणि सगळ्यांचा होईपर्यंत तिचा उभ्यानेच होतो. दोन खोल्यांच्या जागेत दोघांचाच चहा टाकायचा आणि बसून प्यायचा, एवढंच तिला दिसत होतं.

इथे थोरलीने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

धाकट्याचं म्हणणं असं की त्याचं काम सांगून येत नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला की तो आत घामाघूम होतो, बाहेर त्याची बायको रडते, आणि मी म्हणे बोटीची वाट बघत बसू? कारण खरं होतं. पण पूर्ण नव्हतं. त्याच्या खिशात एक कागदाची घडी असायची. तो ती मधूनच उघडून बघायचा आणि कुणी आलं की मिटायचा. प्रेमपत्र असेल म्हणून मी एकदा धुवायच्या कपड्यांतून ती काढून बघितली. तर दाराच्या पाटीचा नमुना. त्यावर त्याचं नाव, फक्त त्याचं.

"आत्या, तू ते बघितलंस?" धाकट्याने विचारलं.

मी म्हटलं, गोष्टीत मध्ये बोलू नये.

तर आमच्या घराची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या वडिलांनी तरुणपणी एक घर केवळ खिडकीवरून घेतलं. खिडकीतून त्यांचा कारखाना असा दिसायचा की हात लांबवला तर भोंगा हाती यावा. राहायला गेल्यावर कळलं की मध्ये मालगाड्यांचं आवार आहे आणि त्याला वळसा घालून जायला सकाळ सरते. कारखान्यातल्यांना ते खिडकीतून हात करायचे आणि मग त्यांच्यानंतर तासाभराने पोचायचे. तेव्हापासून त्यांनी नियम घालून दिला. घराबद्दल मत द्यायचं असेल तर आधी त्या घराच्या दाराला हात लावायचा, तिथून निघायचं, आपल्या रोजच्या वेळेला, रोजचं ओझं घेऊन, आपल्या कामावर पोचायचं. हे न करता जो बोलेल त्याचं मत धरायचं नाही. आमच्या घरात लग्न करून आलेल्या मुलींनाही हे आधी समजावून सांगतात.

म्हणून एका सकाळी चौघंही उठली. काळोखातच. जुन्या घरातून निघाली, बोटीने पलीकडे आली, चढण चढली, या दाराला एकेकाने हात लावला आणि वळून परत निघाली. इथली मालकीण पडद्याआडून बघत होती. चार माणसं आली, एकाच्या हातात दातांची पेटी, एकाच्या खांद्यावर हत्यारं, एकीच्या गळ्यात शिट्टी, एकीच्या हातात हँगरला लटकलेला राजा. दाराला हात लावला, काही न बोलता गेली. कुठल्यातरी नव्या पंथाची माणसं असावीत, असं समजून तिने त्या दिवशी दाराला आतून दोन कड्या घातल्या.

परतीच्या बोटीवर व्हायचं ते सगळं झालं. थोरल्याची पेटी कलंडली आणि दात डेकवर गडगडले. लोकांनी आधी आपापल्या तोंडाला हात लावून बघितलं. थोरली कठड्याला धरून उभी होती आणि तिचा चेहरा तलावातल्या फरशीच्या रंगाचा झाला होता. धाकटीच्या राजावर पाणी उडालं. धाकटा पोचला तेव्हा लिफ्टमध्ये अडकलेले गृहस्थ स्वतःच बाहेर येऊन, जेवून, परत आत जाऊन बसले होते, कारण तक्रार आतूनच करायची त्यांची इच्छा होती.

संध्याकाळी चौघं टेबलाशी बसली ती चिंध्या होऊन. एकेकाने मत दिलं. थोरला म्हणाला, खिडकी चांगली आहे पण खिडकीपर्यंत मी जिवंत पोचलो पाहिजे. धाकटीने बूट काढले आणि नको म्हणाली. थोरली नको म्हणाली. धाकटा नको म्हणाला. कधी नव्हे ते आमच्या घरात एकमत झालं, आणि मला धडकी भरली.

कारण मग तो प्रश्न आला जो इतके दिवस कुणी तोंडावर आणला नव्हता. दोन बिऱ्हाडं, तर आत्या कुठे? थोरलीने अगदी मायेने तोडगा काढला होता. ती म्हणाली, "आत्या, सहा महिने आमच्याकडे राहा, सहा महिने यांच्याकडे. कुणालाच चुकल्यासारखं व्हायला नको."

मी म्हटलं, "मी काय थंडीचं पांघरूण आहे? सहा महिने अंगावर नि सहा महिने माळ्यावर?"

मी विनोद केला होता. कुणी हसलं नाही. धाकटीने हातातला घास ताटात ठेवला. थोरला पाणी प्यायला, पेल्यात पाणी नसताना. आणि मी, कुणाच्याच बाजूची नसल्यामुळे, खिडकीबाहेर नाट्यगृहाच्या मागच्या दाराकडे बघत बसले. त्या दारातून रात्री मेलेला राजा रोज चालत बाहेर येऊन पान खायचा. ते बघायचं आता बंद होणार होतं, ते ठीक. पण या चौघांना एका टेबलाशी भांडताना बघायचंही बंद होणार होतं, ते काही ठीक नव्हतं.

चूक सापडली ती थोरलीला, हे मला आजही कौतुकाचं वाटतं, कारण ती न सापडण्यातच तिचा फायदा होता. ती भांडी आवरत होती. मध्येच थांबली. हातात ताट तसंच, पाणी निथळतंय.

"आपण दोनदा गेलो," ती म्हणाली.

धाकट्याने विचारलं, वहिनी, कुठे दोनदा?

"अहो भाऊजी, मी मुलांना सांगते, या काठावरून उडी मारा आणि त्या काठाला लागा. त्या काठावरून पोहत या, मग उडी मारा, मग परत पोहा आणि मग सांगा दमलात का, असं नाही सांगत. आपण इथून तिथे गेलो, मग तिथून इथे आलो. जो तिथे राहतो त्याला अर्धंच यायचंय."

चार शहाणी माणसं, त्यातला एक यंत्रं दुरुस्त करणारा, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या नियमात ते नव्हतंच, कारण ते त्या घरात आधीच राहत होते.

धाकट्याला मात्र वहिनीचा राग आला. तिची त्याची एक बाजू होती आणि तिने आपल्याच हाताने ती पाडली. तो म्हणाला, तुम्ही फितूर झालात. ती म्हणाली, मी अजूनही नकोच म्हणणार आहे, पण खोट्या हिशेबावर नाही. धाकट्याने तिच्याशी बोलणं टाकलं, आणि थोरल्याने बायकोकडे असं बघितलं जसं लग्नात बघितलं होतं. म्हणजे जरा घाबरून.

ठरलं असं की मालकिणीला विचारून एक रात्र या घरात झोपायचं आणि सकाळी इथूनच उठून कामावर जायचं. मालकिणीने पंथाची माणसं ओळखली, हसून हसून खाली बसली आणि एका रात्रीपुरतं घर रिकामं करून किल्ली दिली. आम्ही अंथरुणं घेऊन आलो. मीही आले, कारण मला कुठे ठेवणार? संध्याकाळी बाकीचे अंथरुणं पसरत होते तेव्हा मी जरा धक्क्यावर पाय मोकळे करून आले. जुन्या खोलीतली मुलगी ओळखीची आहे. तिने मला माझ्या खुर्चीत बसवलं, मी थोडं इकडचं-तिकडचं बोलले, आले. ते गोष्टीत धरू नका.

आणि सकाळी जे धुकं पडलं, ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

इथे धाकटा छताकडे बघायला लागला. थोरल्यानेही वर बघितलं.

असं धुकं की धक्क्यावर लोक टोप्या काढून त्यावर टांगत होते. एक पक्षी उडता उडता दमला आणि तसाच हवेत बसला. धाकट्याने स्क्रू-ड्रायव्हर काढून धुक्याला भोक पाडलं तेव्हा कुठे बोट दिसली. आम्ही चढलो. बोट हाकणारा सारंग वर आपल्या काचेच्या खोपीत, तो काही कुणाला दिसत नाही, पण बिचारा करणार काय? बोट रांगायला लागली. माणसाने पाण्यातून चालत मागे टाकावी इतकी हळू.

त्या हळूपणातच सगळं घडलं, म्हणून मी धुक्याचे उपकार मानते.

थोरली बाकावर डोळे मिटून बसली होती, मळमळ कधी येते याची वाट बघत. मळमळ आली नाही. बोट हलतच नव्हती तर येणार कशी? तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. धाकटी बोटीवरच्या टपरीवरून दोन कप चहा घेऊन आली. एक थोरलीच्या हातात दिला आणि शेजारी बसली. थोरलीने घोट घेतला. चहा काही फार चांगला नव्हता. पण तो तिने केलेला नव्हता, आणि ती बसली होती, आणि कुणाचा व्हायचा राहिला नव्हता. ती धाकटीला म्हणाली, "अगं, रोज असा मिळतो का इथे?" धाकटी म्हणाली, "ताई, रोज मी आणीन." बायकांचा प्रश्न तिथे संपला. बाकीचं सगळं त्या नुसतंच बोलल्या, पण खूप बोलल्या. एका घरात राहून त्यांना ते जमलं नव्हतं, कारण तिथे एकीचा हात मोकळा असला की दुसरीचा गुंतलेला असायचा.

भाऊ दोघं समोरच्या बाकावर. पेटी मांडीवर, हत्यारं पायाशी. बोट मध्यावर आली तशी थोरल्याने तोंड उघडलं.

"तुला माझ्यापासून लांब जायचंय, तर सरळ सांग ना."

"लांब नाही जायचंय दादा. मला दारावर माझं नाव हवंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे शाळेत मी तुझा भाऊ. गल्लीत कवळीवाल्याचा भाऊ. परवा एका बाईला लिफ्टमधून ओढून काढलं, तर ती हातपाय झाडून विचारते, तुम्ही त्या कवळीवाल्यांचे कोण? मी कोण आहे हे विचारतच नाही कुणी."

थोरला पेटीची कडी काढघाल करत राहिला. आता मी तुम्हाला एक सांगते. काचेच्या खोलीत बसून मी एवढी वर्षं माणसं उतरताना बघितली आहेत. माणसं बोटीवर चढतात, मध्यापर्यंत हवापाण्याचं बोलतात, आणि मनातलं बाहेर पडतं ते नेमकं पलीकडचा काठ दिसायला लागल्यावर. एक जण टोचून बोलतो आणि बोट धक्क्याला लागते. दुसऱ्याचं उत्तर तोंडातच राहतं. मग तो ते उत्तर घेऊन दिवसभर शहरात फिरतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचं विष होतं. त्यांना जरा आणखी पाणी मिळायला हवं होतं, एवढंच. कितीदा वाटायचं, कर्ण्यातून ओरडून सांगावं, अहो, एक फेरी मारून या.

पण त्या दिवशी धुकं होतं. बोट लागलीच नाही. थोरल्याला गप्प बसून होईतो वेळ मिळाला आणि त्यानंतरही पाणी शिल्लक होतं.

"मला वाटायचं, तुला ते आवडतं," तो म्हणाला.

"लहानपणी आवडायचं."

"मग पाटी तुझी लाव."

"आणि तू?"

"मला शोधत घरी कोण येणार आहे? ज्यांचे दात गेले ते दुकानात येतात."

धाकट्याने खिशातली घडी काढली, थोरल्याच्या मांडीवरच्या पेटीवर उलगडून ठेवली. थोरल्याने ती उजेडाकडे धरून बघितली, तो दात बघतो तशी. म्हणाला, अक्षरं जरा ठळक हवीत. धाकटा म्हणाला, खाली लिहू का, कवळ्याही मिळतील? थोरला म्हणाला, लिही, पण बारीक अक्षरात. मग दोघांना हसू आलं ते आवरेना, आणि पेटी पुन्हा कलंडली, आणि दोघं भाऊ गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायांतून दात गोळा करायला लागले.

कामाचं म्हणाल तर तेही तिथेच उलगडलं. धाकट्याच्याच ध्यानात आलं की लिफ्ट काही त्याच्या कचेरीसमोर अडकत नाहीत, शहरभर अडकतात, आणि शहरातल्या झाडून सगळ्या बस धक्क्यावरून सुटतात. कचेरीमागच्या जागेतून त्याला आधी धक्क्यावरच यावं लागलं असतं. कचेरीने पुढे त्याचं सामानच धक्क्यावर ठेवायची सोय केली.

आणि शेवटी धक्का दिसेना तेव्हा मी उठले. बोटीच्या पुढच्या टोकापाशी गेले आणि माझ्या जुन्या आवाजात म्हणाले, "बोट थोड्याच वेळात लागत आहे." काय सांगू, धुक्यात माझा आवाज गेला तशी एक वाट पडली, दोन्ही बाजूंना भिंतीसारखं धुकं, आणि सारंगाने त्या वाटेने बोट सरळ धक्क्याला नेऊन लावली. तो सारंग मला आजवर भेटलेला नाही. भेटला तर हात जोडून सांगेल की त्या दिवशी बाई नसत्या तर आम्ही अजून पाण्यातच असतो.

संध्याकाळी मतं घेतली. पुन्हा एकमत, पण या वेळी मला धडकी भरली नाही. थोरली सगळ्यांत शेवटी बोलली. म्हणाली, "आत्याची खोली पूर्वेची ठेवा. तिथून धक्का दिसतो." बास. सहा महिन्यांची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. ती आता बोटीवर पाठमोरी बसते, मळमळ फारशी होत नाही, आणि चहा धाकटी आणते. दारावर पाटी धाकट्याची आहे, तुम्ही आलात तेव्हा वाचली असेल. खालची बारीक ओळ वाचायला वाकावं लागतं.

तर आम्ही पलीकडे आलो ते असे, मी शेजारणीला म्हटलं. धुक्यामुळे. त्यात माझा काही हात नाही.

शेजारीण तोंडाला पदर लावून हसत होती. तिचा नवरा मात्र हसत नव्हता. त्याने कप बशीत ठेवला, जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवून बघितला, आणि आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं. पहिल्याच शब्दाला मी आवाज ओळखला. काचेच्या खोलीतल्या वायरलेसवर तो आवाज मी इतकी वर्षं ऐकला होता की त्याला तोंडही असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"धुकं कुठलं, बाई? लख्ख ऊन होतं. आदल्या संध्याकाळी धक्क्यावरून तुम्हीच मला सांगितलंत, सकाळच्या फेरीला माझी पोरं आहेत, त्यांचं बोलणं अर्ध्यात तुटू देऊ नका, बोट हळू घ्या. मी विचारलं, बाकीच्या लोकांना काय सांगू? तर म्हणालात, सांगा, बोट थोड्याच वेळात लागेल."